वनाने दिलेल्या चार शिश्या

सुलू, मी बोलते तसं लिहीत जा. माझी बोली अहिराणी, तुझी शाळेतली. तुला जमेल तसं लिही, पण वनाचं बोलणं आहे तसंच ठेव.

वना म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमची माय वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मी नुकती सासरी आलेली, शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. बाप म्हणाला, मी एकटा ह्याला काय करू? मग मी त्याला कडेवर घेऊनच आले. दारात सासू तोंड वाकडं करून म्हणाली, "आंदन म्हनीसन भाऊ लई उनी." म्हणजे आंदण म्हणून भाऊच घेऊन आली. पण मेली त्याला माझ्यापेक्षा जास्त जीव लावायची. भाकरीवरचं तेल आधी वनाला, मग मला.

त्याला लहानपणापासून मोजायचं वेड. गावातल्या बावीस बकऱ्या चारायला न्यायचा. संध्याकाळी एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचा, मगच तोंडात घास. एकदा एकवीस भरल्या. नाल्यात एक पिल्लू अडकलं होतं, ते काढून आणलं तेव्हा घरात आला. गावातले टवाळ म्हणायचे, "वना, आभाळमाधल्या चांदन्या कमी झाल्या का देख रे!" तो हसायचा नाही. खरंच वर बघायचा.

दहावी दुसऱ्या फेरीत काढली. मग धुळ्याला दवाखान्यात वॉर्डबॉय लागला. बारा वर्षं लोकांची घाण काढली, पट्ट्या बांधल्या, डॉक्टर काय करतात ते बघत राहिला. पुढे एका ट्रस्टने हायवेवर अँब्युलन्स ठेवली, शिरपूरजवळ. त्यात मदतनीस म्हणून गेला. गाडीवर तिघं. ड्रायव्हर तोताराम, एक डॉक्टर, आणि आमचा वना. खाकी शर्ट मिळाला. तो घालून पहिल्यांदा माझ्याकडे आला तर मी ओळखलंच नाही. म्हटलं, कोण पोलीस आला दारात!

त्या गाडीत एक लोखंडी पेटी होती. आत दुखण्याचं मोठं इंजेक्शन. काचेची बारकी शिशी, मान मोडून उघडायची. हाड मोडलेला, भाजलेला माणूस गुरासारखा ओरडतो ना, त्याला ते टोचलं की गप होतो. आणि धडधाकट माणसाने घेतलं तर नशा चढते. एकदा सवय लागली की सुटत नाही. म्हणून ते कुलपात ठेवायचं असा कायदाच आहे, वना सांगायचा.

पहिल्याच वर्षी काय झालं, एक भाजलेली बाई गाडीत घेतली. स्टोव्हने भाजली म्हणे, देव जाणे. डॉक्टरने शिशी फोडली, टोचलं, बाई ओरडतीच आहे. दुसरी फोडली, तरी ओरडतीच. शिरपूरपासून धुळ्यापर्यंत ती बाई वनाचा हात धरून ओरडत गेली. नंतर वनाने मोडलेली मान उन्हात धरून बघितली, तर तिथे आधीच गोंदाने चिकटवलेलं. आतलं औषध कोणी काढून घेतलं होतं आणि पाणी भरून शिशी परत ठेवली होती. तेव्हाचा डॉक्टर पुढच्या आठवड्यात नोकरी सोडून गेला. कोणी त्याला काही विचारलं नाही.

वना मला म्हणाला, "अक्का, चोरनारानी औषध नही चोरं. तेनी त्या बाईनं ओरडनं चोरं. ती इतली ओरडनी आनि कोनले ऐकू उनं नही." मला तेव्हा नीट समजलं नाही. आता समजतं.

मग ह्यानेच ऑफिसात जाऊन पद्धत घालून दिली. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली डॉक्टरकडे, एक ह्याच्याकडे. एकट्याला पेटी उघडताच येणार नाही. शिशी फोडायच्या आधी मान उजेडात बघायची. अर्धं औषध उरलं तर ते दोघांच्या डोळ्यांसमोर सांडायचं. आणि मोठी गोष्ट म्हणजे रिकामी शिशी परत आणायची. दहा भरलेल्या नेल्या तर परत येताना भरलेल्या आणि रिकाम्या मिळून दहाच. मग वहीत दोघांची सही.

दोन वर्षं एक शिशी इकडची तिकडे झाली नाही. ट्रस्टच्या लोकांनी शाल घातली, नारळ दिला. नारळ त्याने माझ्याकडेच आणून फोडला.

आता तुझ्या आबांचं, माझ्या मालकाचं सांगते. हे लिहायचं की नाही ते तू ठरव, मी तर सांगणार.

आबांना गळ्याचा कॅन्सर झाला. जळगावच्या दवाखान्यातून सांगितलं, घरी न्या. गोळ्या दिल्या, पण गोळी गिळायला गळा तर पाहिजे! गोधडीचं टोक दातात धरायचे. मी त्या गोधडीचं टोक दोनदा शिवलं. वना भेटायला आला, तेव्हा मी त्याला गोठ्यात नेलं आणि म्हटलं, "वना, एक शिशी आन रे. एकच. कोनले कळनार शे?"

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "अक्का, ती शिशी मनी नही. ज्याले गाडीमा दुखस तेनी शे."

"मंग तुना दाजीले दुखस नही का?"

"दुखस. माले दिसस नही का?" म्हणाला आणि रडला. पण आणली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून धुळ्याला गेला. तिथे चिठ्ठीवर, सहीशिक्क्याने ते औषध मिळतं म्हणे. दोन दिवस ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळाली, आणि त्याच सकाळी आबा गेले.

मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही. राखी तोतारामच्या हाती पाठवली, आत कुंकू ठेवलं नाही. माझ्या भावाचा खरेपणा माझ्याइतका कोणी भोगला नाही बाई, एवढं लक्षात ठेव.

पुढे गाडीवर भूषण डॉक्टर आला. पोरगा गोड होता, खोटं कशाला बोलू. तोतारामबरोबर आमच्या घरी यायचा, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा मागून खायचा. मे महिन्यात, शिरपूरच्या उन्हात, लांब बाह्यांचा शर्ट. मी म्हटलं, "डॉक्टर, बाह्या तरी वर करा!" तो म्हणाला, "आजी, सवय आहे." मला वाटलं, शिकलेल्या लोकांची रीत असेल.

आणि त्याच वर्षी दिवालीबाईचं झालं. वर डोंगरात पाडा आहे, तिथली. तिचा नवरा करमसिंग मोहाच्या झाडावरून पडला. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. गाडी गेली, डॉक्टरने टोचलं, करमसिंग शांत झाला. वना रिकामी शिशी डबीत ठेवायला लागला, तर दिवालीबाईने त्याचं मनगट धरलं. "शिशी दे."

त्या पाड्यावर सगळ्यांची तशी रीतच आहे. सुई टोचली की रिकामी शिशी मागून घ्यायची, फडक्यात बांधून ठेवायची. कागद त्यांना वाचता येत नाही आणि पावसात भिजतो. पुढच्या डॉक्टरने विचारलं, काय दिलं होतं, की शिशी पुढे करायची. मलाही वाचता येत नाही, मला ते बरोबर कळतं.

वना म्हणाला, "माय, शिशी देता येत नाही. नियम आहे."

ती गाडीच्या दारात आडवी बसली. म्हणाली, "माझ्या बादलला एका ठिकाणी टोचलं. दुसऱ्या ठिकाणी नेला, तिथे विचारलं, काय टोचलं? मला काय माहीत! त्यांनी परत तेच टोचलं. पोरगा झोपला तो उठलाच नाही. शिशी दे, नाहीतर ह्याला खाली उतरव."

तोताराम हॉर्न वाजवतो आहे, करमसिंगचं रक्त चाललं आहे. वनाने शिशी दिली. आणि डॉक्टरला म्हणाला, "सर, वहीत लिहा, रिकामी शिशी नातेवाईकाला दिली." भूषण म्हणाला, "लिहितो, तू स्ट्रेचर धर." आणि लिहिलं. दोघांनी सही केली.

धुळ्याच्या दवाखान्यात दिवालीबाईने फडकं सोडून शिशी दाखवली. तिथला डॉक्टर म्हणाला, बरं झालं आणली. वनाने हे ऐकलं आणि त्याचा नियम तिथेच ढिला पडला. नंतर त्याच पट्ट्यातल्या तिघांनी मागितली, तिघांना दिली. एकूण चार. तो मोजणारा माणूस, चाराच्या वर एक नाही.

पण दार उघडलं की फक्त पाहुणाच येतो असं थोडंच असतं? काही दिवसांनी भूषण म्हणायला लागला, "वना, तू मागे स्ट्रेचर धूत होतास ना, त्या ट्रकवाल्याच्या भावाने शिशी मागितली. मी दिली." परत आठ दिवसांनी तसंच. वहीत तेच वाक्य. वनाला ते पटायचं नाही, पण विचारणार कसं? रीत ह्यानेच मोडलेली. स्वतः चार वाटल्या, आता डॉक्टरला कोणत्या तोंडाने म्हणणार, तुम्ही का दिली? खाली मान घालून सही करायचा. हीच त्याची चूक. चोरी नव्हे, सही.

मग वरून तपासणी आली. बारा रिकाम्या शिश्या कमी. मॅनेजरने विचारलं तर भूषण म्हणाला, "सर, वना देतो लोकांना. मी किती वेळा सांगितलं." सगळ्यांच्या पुढे, वनाच्या तोंडावर. लांब बाह्या मनगटापर्यंत खाली ओढून.

वनाला चार दिवस दिले, खुलासा कर म्हणून. तो माझ्याकडे आला. तेव्हा आमचा अबोला सुटला. म्हणाला, "अक्का, नोकरी गयी ते जाऊ दे. पन मना नावले चोर लागी गया."

मी म्हटलं, चल. ज्या चार दिल्या त्या परत आणू. शिश्यांवर कारखान्याचा नंबर असतो, वहीतल्या नंबराशी जुळवता येतो. चारच्या चार पुढे ठेवू, म्हणजे कळेल की वनाने दिल्या त्या ह्या, बाकीच्या आठ कुठे गेल्या ते डॉक्टरला विचारा. आम्हा दोघांना हे इतकं सरळ वाटलं बघ.

दोन दिवस हिंडलो. माझे गुडघे असे, तरी गेले. दिवालीबाईने पत्र्याच्या डब्यातून फडकं काढलं. शिशी द्यायला तयार होईना. करमसिंग कुबडी टेकत बाहेर आला आणि तिला त्यांच्या बोलीत काहीतरी रागावला, तेव्हा दिली. म्हणाली, "परत आणून दे. अजून त्याचा पाय पुरता नाही." दुसरी शिशी एका घरी देवाच्या कोनाड्यात. तिसरी तान्ह्या पोराच्या झोळीला बांधलेली. चौथ्या घरच्या म्हातारीने आधी आम्हाला ताक पाजलं, मग शिशी दिली. चारही मिळाल्या! एक फुटली नाही, एक हरवली नाही. येताना वना लहानपणासारखा खिशावर हात ठेवून मोजत होता. मी म्हटलं, सुटलो रे बाबा.

मी त्याच्याबरोबर ऑफिसात गेले. मॅनेजर साहेब, भूषण, दोन ट्रस्टची माणसं, एक लिहिणारा. तोताराम दाराशी उभा. वनाने रुमाल सोडून चार शिश्या काचेच्या टेबलावर ठेवल्या. नंबर जुळले.

"साहेब, ह्या मी दिल्या त्या चार. बाकीच्या आठ मला माहीत नाहीत."

मॅनेजर एक शिशी उचलून म्हणाला, "म्हणजे शिश्या बाहेर दिल्या हे तू कबूल करतोस."

"चार. दिल्या तेव्हा लिहून घेतलं होतं, साहेब."

"बाराही लिहिल्यात. बाराही ठिकाणी तुझी सही आहे."

वना म्हणाला, "साहेब, ती आठ नावं बघा ना. तिघं परराज्यातले ट्रकवाले, त्यांचा पत्ता नाही. चौघं वाटेतच वारले, शिशी नेणाऱ्या नातेवाईकाचं नाव लिहिलेलंच नाही. एक फिरस्ता. ज्याला विचारता येईल असा एकही नाही."

"आणि तुझे चारही तुझ्या ओळखीचे. दोन दिवसांत गोळा करून आणलेस."

ट्रस्टचा माणूस हसला. दिवालीबाईचा डबा, कोनाडा, झोळी, सगळं त्या हसण्यात गेलं. जे आम्ही ह्याच्या खरेपणासाठी नेलं, तेच ह्याच्या गळ्यात बांधलं.

वना रिकाम्या रुमालाची घडी घालायला लागला. अशा वेळी मला राहवत नाही, तुला माहीत आहे. मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, मी अडाणी बाई आहे. पण ह्याच्यासारखा माणूस दाखवा मला. माझा मालक गोधडी चावत मेला. मी ह्याच्या पाया पडले, एक शिशी आण म्हटलं. ह्याने आणली नाही. सख्ख्या बहिणीला दिली नाही तो बाजारात विकेल?"

मला वाटलं, आता त्यांची मान खाली जाईल. मॅनेजर लिहिणाऱ्याकडे वळून म्हणाला, "लिहा. घरच्यांकडून औषधाची मागणी होती. घरात रुग्ण होता."

मी म्हटलं, "पण त्याने दिलं नाही!"

"आजी, ते तुम्ही म्हणता. मागितलं होतं, हेही तुम्हीच म्हणता ना?"

आणि माझा अंगठा पुढे ओढून शाई लावली. मी अंगठा दिला. काय लिहिलं होतं ते मला वाचता येतं का? जे बोलले त्यातलं अर्धंच लिहिलं होतं, ते मला मागाहून तोतारामने सांगितलं.

बाहेर आलो. मी भिंतीला टेकून बसले. म्हटलं, वना, मी तुला बुडवलं रे. तो माझ्या अंगठ्याची शाई स्वतःच्या रुमालाने पुसत होता. त्याच रुमालाने. "जाऊ दे अक्का. तू खरं तेच बोलनी." एवढंच बोलला. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. काढला असता, मला दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

नोकरी गेली. तीन दिवस पोलीस ठाण्यात बसवून ठेवला. मग ट्रस्टलाच बोभाटा नको होता, म्हणून केस केली नाही. केस झाली असती तर सुटला तरी असता. केस नाही म्हणून निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणून तो कायमचा चोर. गावात पोरंटोरं "शिशीवाला वना" म्हणायला लागली. माझा सख्खा चुलत दीर, एका लग्नात गुडघा चोळत सगळ्या पंगतीपुढे म्हणाला, "वनाभाऊ, एखादी उरेल व्हई ते दे ना रे!" पंगत हसली. वनाने पुढ्यातला भात संपवला आणि उठला.

भूषण सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरात गेला, चांगल्या वागणुकीचं पत्र घेऊन. पुढे तोताराम मला धुळ्याच्या स्टँडवर भेटला. माझी पिशवी हातात घेतली, नजर खाली. म्हणाला, "अक्का, मी आरशात बघायचो. डॉक्टर भरलेली शिशी खिशात टाकायचा, वना खाली उतरला की मागे बसून बाही वर करून स्वतःलाच टोचून घ्यायचा. ओरडणाऱ्या पेशंटला नुसतं पाणी."

"मग त्या दिवशी दाराशी उभा होतास तेव्हा जीभ गहाण ठेवली होती का?"

"माझी दोन पोरं शिकताहेत, अक्का."

मी पिशवी हिसकून घेतली. पण सांगू का, त्या भूषणवर मला धड रागही धरता येत नाही. त्याच्या हाताच्या शिरा कशा झाल्या असतील. त्यालाही कोणी मोजायला पाहिजे होतं. आमच्या वनाने सगळ्या शिश्या मोजल्या, शेजारी बसलेला माणूस मोजायचा राहिला.

आणि आता त्या गाडीत ती पेटीच नाही. ऑफिसने काढून टाकली. मॅनेजर सगळीकडे सांगतो म्हणे, आमच्याकडे चोरीचं प्रमाण शून्य. हाड मोडलेला माणूस शिरपूरपासून धुळ्यापर्यंत ओरडत जातो. दिवालीबाईची शिशीही परत गेली नाही, ती पुरावा म्हणून ठेवून घेतली. तिला सांगायला वना एकटाच पाड्यावर गेला होता. ती काय म्हणाली ते त्याने मला सांगितलं नाही.

आता तो धरणगावला जिनिंगमध्ये आहे, कापसाच्या गाठी लावतो. गेल्या राखीला मी त्याला न कळवता गेले. डब्यात खीर होती. पाच वाजता सुट्टी झाली. गेटवर चौकीदार एकेकाचे खिसे, कमर चाचपून बाहेर सोडत होता, कोणी सरकी-कापूस नेऊ नये म्हणून. बाकीचे लोक त्याची चेष्टा करत होते. कोणी म्हणतो, गुदगुल्या करू नको. कोणी खिसा उलटा करून दाखवतो.

वनाचा नंबर यायला अजून चार माणसं होती. तो रांगेत दोन्ही हात वर करून उभा होता. कोणी सांगितलंही नव्हतं. चौकीदार म्हणाला, "भाऊ, तुमचं राहू द्या, तुम्ही जा." तरी त्याने हात खाली घेतले नाहीत. त्या पोऱ्याने अंगाला हात लावून, दोन्ही खिसे बघितले, तेव्हा घेतले.

मी पुढे गेले नाही. रस्त्याच्या पलीकडे रिक्षाच्या आड उभी राहिले, तो बोळात वळेपर्यंत. मग त्याच्या घरी जाऊन राखी बांधली. त्याने विचारलं, "कवय उनी, अक्का?" मी म्हटलं, आत्ताच आले.